खोटी टाकी

रंगाच्या कारखान्यात बहीण प्रोग्राम लिहिते आणि थोरला भाऊ फिटर, म्हणजे घरची भांडणं कामावर आणि कामावरची घरी. त्या दुपारी मात्र भांडण नव्हतं. दादा टाकी नंबर तीनमध्ये उतरून वाळलेला रंग खरवडत होता, आणि वर केबिनमध्ये धाकटी आपल्या पायथन प्रोग्राममधली चूक शोधत होती. टाकीतलं रंग ढवळायचं पातं हाच प्रोग्राम फिरवतो.

"मी खोट्या टाकीवर चालवतेय, तू खुशाल उतर," असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

खोटी टाकी म्हणजे नुसती कॉम्प्युटरमधली, सरावाची. कुठली टाकी धरायची ते एका एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या नोंदीत, सांगायचं. तिने ते टर्मिनलच्या काळ्या खिडकीत टाइप केलं आणि एडिटरमधलं, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या खिडकीतलं, चुका शोधायचं डीबग बटण दाबलं. इथेच घोडं पेंड खातं. त्या बटणाला काळ्या खिडकीतलं काही कळत नाही. त्याच्यासाठी एडिटरच्याच सेटिंगमध्ये वेगळं लिहावं लागतं. नाही लिहिलं, तर हा शहाणा प्रोग्राम गुपचूप खरी टाकी धरतो.

मध्येच थांबवून तपासण्यासाठी तिने लावलेल्या खुणेवर प्रोग्राम थांबला. बाजूला टाकीचा नंबर दिसत होता: तीन. पुढची ओळ पातं फिरवायची.

तिचं बोट प्रोग्राम बंद करायच्या बटणाकडे गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. प्रोग्राम बंद पडला तर रंग तळाला बसू नये म्हणून पातं आपोआप फिरावं, ही अक्कल तिनेच मागच्या आठवड्यात पाजळली होती. आता पुढेही जाता येईना, बंदही करता येईना. दादाचा फोन तिच्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला.

जिना ती उतरली की घसरली, तिचं तिला ठाऊक. टाकीशेजारचा, पातं आणि आतला दिवा दोन्हींची वीज तोडणारा मेन स्विच तिने दोन्ही हातांनी खाली ओढला.

"दिवा कोणी घालवला रे?" आतून आवाज आला.

तिला हसू आलं आणि रडूही. "बाहेर ये, दादा. आधी बाहेर ये."

तो शिडीवरून वर आला. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. तो हात पुसत राहिला.

"मेन पाडल्याशिवाय मी कधी उतरत नाही," तो म्हणाला. "आज म्हटलं, दिवा लागतोय, आणि धाकटीने सांगितलंय ना." तो चिडून बोलला असता तर तिला सोसलं असतं.

दोघं वर गेली. तिने अडकलेला प्रोग्राम बंद केला, एडिटरच्या सेटिंगमध्ये व्हेरिएबल लिहिलं, पुन्हा बटण दाबलं आणि दादाला पडदा दाखवला. खोटी टाकी. त्याने नीट वाचलं, मान डोलावली. मग खाली जाऊन पाडलेल्या मेनला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि टॉर्च घेऊन टाकीत उतरला.

तिला ते फार लागलं. आणि हायसंही वाटलं.