तीनशे ऐंशी ग्रॅमपासून खाली

३८० ग्रॅम

द्राक्षाचा एक मणी देठापासून ओढून काढायला एवढा जोर लागतो. तेवीस वर्षं बागेत काम करूनही मला हे माहीत नव्हतं, कारण मणी ओढायचा नसतो. मण्याला हातच लावायचा नसतो. घडाचा देठ दोन बोटांत धरायचा, कात्रीने कापायचा, आणि ट्रेमध्ये असा निजवायचा की मण्यांवरची पांढुरकी पावडर जशीच्या तशी राहील. बोट लागलं की पावडर पुसते, खालचा काळा रंग दिसतो, आणि मुकादम तो घड सगळ्यांसमोर वर धरून विचारतो, हा कोणाचा अंगठा?

ताई, तुझा कधीच नसायचा. माझा असायचा. पहिल्या वर्षी दोनदा तू म्हणालीस, माझा आहे.

३७५

यंदा बागेत नव्या औषधाची चाचणी घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई वेलींच्या डॉक्टर, माणसांच्या नव्हेत. तरी पहिल्याच दिवशी चार जणींनी त्यांना गुडघे दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, वेल असती तर इथून छाटली असती.

त्यांच्याकडे पेनाएवढा वजनकाटा आहे, टोकाला चिमटा. चिमट्यात मणी धरायचा, सरळ खाली ओढायचा, सुटला की आकडा वाचायचा. एक ओळ, वीस वेली, प्रत्येक वेलीचे पाच मणी, रोज. मग सगळ्यांची सरासरी. आकडे लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं. त्या सांगत होत्या की या संजीवकाची, म्हणजे वेलीच्या वाढीवर चालणाऱ्या औषधाची, फवारणी केली की पंधरा दिवसांत मणी देठाशी सैल होतात, हाताने सुटतात, कात्री लागत नाही.

कात्री लागत नाही, एवढंच मी ऐकलं. हात वर केला.

(मध्येच, काट्याशिवाय)

ओळीला माणसं दोन. वेली चढवलेल्या तारांच्या एक अलीकडे, एक पलीकडे. मध्ये पानं. तोंड दिसत नाही, हात दिसतात. एकवीस वर्षं तू पलीकडे होतीस, म्हणून मला तुझ्या तोंडापेक्षा तुझे हात जास्त ओळखीचे आहेत. भाऊजी गेल्यानंतर तू पहिल्यांदा कामाला आलीस, त्या दिवशी मी पानांतून हात पाहिले. हात ठीक चालले होते. म्हणून काही विचारलं नाही. संध्याकाळी तू बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस तेव्हा कळलं, विचारायला हवं होतं.

मग तुझा अंगठा गेला. कात्री दाबून दाबून बुडाशी असा धरला की वळेचना. मुकादमाने तुला शहरातल्या पॅकिंग शेडमध्ये पाठवलं. दोन बस बदलून जावं लागतं, म्हणून तू तिथेच मुलाकडे राहायला गेलीस. दोन वर्षं झाली. तुझ्या जागी यंदा जी आहे ती कानात गाणी घालून काम करते. मी सगळी हकीकत सांगून संपवते आणि ती म्हणते, अं?

३१०

फवारणीनंतरचा पाचवा दिवस. रविवार, म्हणून तुझा फोन. हाताला पुठ्ठ्याचा वास येतो म्हणालीस, साबणानेही जात नाही. पानं कशी आहेत विचारलंस, दर वेळी विचारतेस तसं. मी आकडा सांगितला.

"तू आकडे लिहितेस? शाळेत तुझ्या वजाबाक्या मी करायचे."

"मी नुसती लिहिते. वजाबाकी औषध करतंय."

तू हसलीस. तिकडे मागे कोणीतरी टीव्ही मोठा केला आणि मला तुझं पुढचं ऐकू आलं नाही.

२२०

डॉक्टरीणबाईंनी दोन मणी माझ्या तळहातावर ठेवले. एक औषध न मारलेल्या ओळीतला. तो ओढला तेव्हा आतला ओला धागा वातीसारखा देठालाच राहिला, मण्याला भोक पडलं, रस आला. दुसरा आपल्या ओळीतला. जिथून सुटला तिथे कोरडी, बारीक खूण. वेलीला फळ सोडायचं असतं तेव्हा ती स्वतःच असं काही तयार करते म्हणे, आपण फक्त थोडी घाई करायची. दीडशेच्या खाली आलं की काढणी. शंभराच्या खाली गेलं की नुसत्या वाऱ्यानेही सगळं जमिनीवर.

मी विचारलं, चाचणीच्या काढणीला माझं माणूस आणू का? चांगलं आहे, पण अंगठा चालत नाही.

त्या म्हणाल्या, तसंच माणूस हवंय.

१४०

तू पहिल्या बसने आलीस. चपला काढून जुने कामाचे बूट घातलेस. ते मी दोन वर्षं माझ्या खाटेखाली ठेवले होते. पलीकडे गेलीस. पानं हलली. हात आले.

बुडाशी हुकासारखा वाकून राहिलेला अंगठा मी पानांतून पहिल्यांदाच पाहत होते. आधी तू काय केलंस, तर एकवीस वर्षं केलंस तेच. घडाचा देठ दोन बोटांत धरलास आणि अलगद उचललास. पाऊण घड तुझ्या बुटांवर ओघळला. हातात नुसता काड्यांचा सांगाडा.

"अगं, टकला झाला," तू म्हणालीस.

मी इतकी हसले की कानात गाणी घालणारीने गाणी काढली.

डॉक्टरीणबाई आल्या. घड खालून ओंजळीत घ्यायचा, त्यांनी दाखवलं, बोटं मण्यांत घालायची, हलकेच हलवायचं. खाली आधी रुंद ट्रे ठेवायचा. तुझी ओंजळ घडाखाली गेली आणि थांबली.

"पावडर जाईल."

"जाऊ दे."

"मुकादम बघतोय."

"बघू दे, ताई. लाव अंगठा."

तू लावलास. मणी ट्रेमध्ये पडू लागले, पत्र्यावर वाळू सांडावी तसा आवाज करत. दुपारपर्यंत तुझा ट्रे माझ्या आधी भरला. अंगठा वळत नव्हता, आणि वळायची गरजच नव्हती.

१२५

ट्रेला चार हुक आहेत. ते तारेला अडकवले की ट्रे ओळीच्या दोन्ही बाजूंना पुरतो. हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. पुढे काय होणार ते तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी माझ्या बाजूचे हुक सोडले आणि ट्रे हातांनी धरला. तू हलवायचीस, मी धरायचे.

"हुक आहेत की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आहेत, मी म्हटलं, आणि धरून राहिले. दिवसभर आपण काय बोललो ते आठवत नाही. शेजारणीची बहीण, तुझ्या नातीचे दात, बसवाल्याची मिशी. काही महत्त्वाचं नाही. मला तेच हवं होतं.

११०

तिसऱ्या दिवशी मुकादम ओळीच्या टोकाला आला. चाचणी उत्तम झाली होती. पुढच्या हंगामापासून सगळ्या बागेला हे औषध. अलीकडून हात घातला की पलीकडचे घडही मिळतात, म्हणून ओळीला एकच माणूस. दुसरं शहरात, शेडमध्ये. तुम्ही दोघी ठरवा, म्हणाला, मला नाव एकच द्या. वाईट माणूस नाही तो. सांगताना टोपी काढून हातात धरली होती.

तो गेल्यावर तू बराच वेळ एकच घड ओंजळीत धरून होतीस.

"तूच राहा. तुझे हात धड आहेत."

"धड हात तिथेही लागतात."

"माझ्याकडे बघून बोल."

"पानं आहेत मध्ये," मी म्हटलं.

रोजचे आकडे मीच लिहिले होते. ते चढवून लिहिले असते तर औषध नापास झालं असतं, पण मग तू पुठ्ठ्यातच राहिली असतीस. मी वहीचं शेवटचं पान फाडलं, तुझं नाव लिहिलं आणि मुकादमाला नेऊन दिलं.

(काटा परत गेला)

नवा हंगाम लागला. आता तू माझ्या घरात असतेस, मी तुझ्या मुलाकडे, तुझ्या खाटेवर. शेडमध्ये दारापासून तिसऱ्या बाकावर बसते. डबे छोटे, आरपार दिसणारे, आत नुसते मणी, देठ नाहीत. मी झाकणं लावते. रविवारी तू फोन करतेस आणि हाताला वास कसला येतो विचारतेस. मी सांगते. मग मी विचारते, पानं कशी आहेत.

मण्यांवर आता सगळ्यांच्याच बोटांचे ठसे असतात. हा कोणाचा अंगठा, असं कोणी विचारत नाही. बहुतेक ठसे गोल. दिवसात एखादा डबा वेगळा येतो. त्यातल्या मण्यांवर पावडर तिरकी पुसलेली असते, वळत नसलेल्या अंगठ्याच्या कडेने.

तो डबा मी बाजूला सरकवते. डब्यांचा सरकता पट्टा पुढे जात राहतो, शेजारीण कोपराने ढोसते. झाकण हातात असतं. थोड्या वेळाने लावते.