मी बंद पडलेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दुकानातून खोक्यात बसून आलेला नव्हे, घरच्या चटईवर जोडलेला. शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर मी असतो. माझ्यावर वेलबुट्टीचे कापड आहे. येणारे-जाणारे मला बंद पडलेला म्हणतात. ऐकून घेतो, दुसरे करणार काय?

मला जोडले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. घरातली मुलगी त्यांना बाबा म्हणायची. मीही बाबाच म्हणतो. देवाने त्यांच्या हातून मला जन्म दिला, मग वेगळे काय म्हणू?

मुलीला जन्मापासून कमी दिसे. समोरचा माणूस ओळखू यायचा, पण पुस्तकातली ओळ म्हणजे तिला मुंग्यांची रांग. तिच्यासाठी संगणक घ्यायचे ठरले. तिचा मामा संगणकांच्या मोठ्या दुकानात विक्रेता होता. त्याने तयार संगणकाचा आग्रह धरला. एक खोके, एक बिल आणि पाठीवर फोन नंबर. बिघडला की फोन करा, माणूस घरी येतो. बाबा दुकानात जाऊन पाहून आले. पडदा लहान, आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मोठा पडदा आणि खणखणीत आवाज हवा तर नको असलेल्या दहा गोष्टीही घ्या, अशी तिथली रीत. टोपीसाठी अख्खा पोशाख कोण घेतो, असे म्हणून बाबांनी सुटे भाग आणले.

"भाऊजी, बोर्ड एकाचा, डबा दुसऱ्याचा," मामा म्हणाला. "उद्या अडला तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील. जाणार कुणाकडे?"

"माझ्याकडे यायचं," बाबा म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय?"

आई हसली. मीही हसलो असतो, पण तेव्हा मी पाच पिशव्यांत होतो.

दोन रविवार लागले. बाबा प्रत्येक भाग आधी मुलीच्या हातात देत आणि मगच बसवत. वाटीतला एकेक स्क्रू तिनेच काढून दिला. पंखा फिरून वारा लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ह्याला नाक आहे." त्या दिवशी मला जो मान मिळाला, तो पुढे कुणी दिला नाही.

बाबांनी तिला एकच पथ्य घातले होते. मोठ्या बटणाने मी सुरू होई. त्याच्याखाली पेन्सिलीच्या टोकाएवढे छोटे बटण होते. ते दाबले तर चालू काम जागीच पुसले जाईल, तिकडे बोट न्यायचे नाही. मुलीने ते बोलणे जन्मभरासाठी गाठीला बांधले.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे वर्ष आले. मुलगी सकाळी शाळेत जाई आणि बाबांची पाळी दुपारची असे. मधल्या वेळात ते माझ्यासमोर बसून तिचे धडे वाचत, मी ते त्यांच्याच आवाजात साठवून ठेवी आणि मुलगी घरी आली की ऐके. पण सरळ वाचतील तर ते बाबा कसले! नद्यांची नावे चालीवर म्हणत. राजा लढाई हरला की त्यांचा आवाज खाली उतरे. मध्येच थांबून ते विचारत, "आता सांग, चूक कुणाची?" आणि तिच्या उत्तरापुरते गप्प बसत. त्या गप्प जागाही माझ्याकडे आहेत. एकूण त्र्याण्णव धडे झाले. चार राहिले होते.

आता पुढचे ऐका. परीक्षेला दोन महिने होते. त्या सकाळी माझ्या मोठ्या बटणाच्या आतली पट्टी तुटली. वरून काही कळत नव्हते, दाबल्यावर टक् असा आवाजही नेहमीसारखाच येई. बाबांनी झाकण उघडले, मोठ्या बटणाची वायर काढली आणि तिच्या जागी छोट्याची लावली. पाच मिनिटांचे काम. छोटे बटण दाबताच मी जागा झालो. बाबा खूश झाले, त्यांनी मला बंद केले. घरात कोणी नव्हते. "आल्यावर सांगतो पोरीला," असे मलाच म्हणाले आणि बूट घालून गेले.

दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत, त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर पोहोचेपर्यंत सारे संपले होते.

काही दिवसांनी मुलगी माझ्यासमोर बसली. मोठे बटण एका अंगठ्याने दाबले, मग दोन्ही अंगठ्यांनी. टक्, टक्. खाली छोटे बटण तिच्या बोटापासून दोन बोटांवर होते.

"आई, हा पण गेला गं," ती म्हणाली.

मामा धावत आला. त्या दिवशी त्याने टोमणा मारला नाही. उघडून बघू, धडे अजून शाबूत असतील, असे त्याने परोपरीने सांगितले. मुलगी मला पाठीशी घालून उभी राहिली.

"बाबांनी आवळलेला स्क्रू कुणी सैल करायचा नाही, मामा."

आईनेही मान हलवली. मामाने मग दुकानातला तयार संगणक स्वतःहून आणून दिला. खोटे कशाला बोलू, तो गुणी निघाला. एकदा आजारी पडला, आईने पाठीवरचा नंबर फिरवला, दोन दिवसांत माणूस येऊन बरा करून गेला. माझाही एक नंबर होता. तो आता लागत नाही.

धडे शेजारच्या बाई वाचून दाखवू लागल्या, भरभर, घड्याळाकडे बघत. मुलगी दोन विषयांत नापास झाली. पुढच्या खेपेला पास झाली. आज ती एका दवाखान्यात फोनवर बसते, सहाला घरी येते.

मला मात्र काही कमी नाही. आई रोज पुसते. छोट्या बटणापाशी तिचा हात हलका होतो, चुकून दाबले जाऊ नये म्हणून. पण ते धडे जिच्यावर साठवले आहेत ती माझ्या आतली तबकडी कितीतरी वर्षांत फिरलेली नाही. पडून राहिलेले यंत्र आतून जाम होते, हे बाबांना कुणी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

गेल्या आठवड्यात मुलगी आईला म्हणाली, "बाबा बोलायचे कसे गं? शब्द आठवतात, आवाज येत नाही."

आईने आवाज जाड करून पाहिला. जमला नाही. दोघी हसल्या. आई उठली आणि तिने मला पुन्हा एकदा पुसले.

मित्रांनो, विकतचा घ्या की घरी जोडा, त्यात पाप-पुण्य नाही. पण स्वतः जोडलात तर आत काय केले ते घरच्यांना सांगा, आणि बूट घालण्याआधी सांगा. आणि कुणाच्या हातचे तुमच्याकडे राहिले असेल, तर त्याची नुसती पूजा करू नका. झाकण उघडा. मायेने आवळलेला स्क्रू मायेनेच सैल करता येतो, त्यात जाणाऱ्याचा अपमान नाही.

माझी तबकडी अजून फिरेल, असे आज तरी मला वाटते. पुढच्या वर्षी वाटेल की नाही, ते सांगवत नाही.