वकिलाच्या जागी बाईंची सही

तुरुंगाचा शिक्का जांभळा होता आणि थोडा फराटलेला — घाईघाईत मारलेला असावा — आणि त्याला लागून बाईंची सही, नेहमीचीच, शेवटी लांब रेघ ओढून खाली टिंब देणारी. फक्त ती भलत्याच जागी होती. वकीलपत्रावर आशिलाची सही वर, आणि ते स्वीकारणाऱ्या वकिलाची खाली, हे नवशिक्या कारकुनालाही ठाऊक असतं. बाईंनी सही केली होती ती खाली. वरची जागा कोरी.

"सवय हो, दुसरं काय," बाईंचे कारकून काका म्हणाले. सकाळी तुरुंगात जाऊन कागद त्यांनीच आणला होता. "पंचवीस वर्षं वकील म्हणून खालीच सही केलीय. हात आपला तिथंच जाणार! मला जाळीतून कुठं काय दिसतंय?"

बाईंच्या हाताखाली वकिली करणाऱ्या तिला हसू आलं. आणि हसण्याच्या पाठोपाठ हायसं वाटलं — इतकं हायसं, की तिने काकांकडे पाठ करून उगाच खिडकी उघडली. कागदच चुकला! आता नवा पाठवायचा. उद्यापासून न्यायालयाला सहा दिवस सुट्टी. म्हणजे बाईंचा जामीन अर्ज आठवडाभर पुढे. आणि आठवडाभरात कोणी ना कोणी मोठा वकील उभा राहीलच की... तिला कोणी नावं ठेवणार नव्हतं. चूक तर बाईंची होती.

लाज वाटली तिला. पण हायसंही वाटतच राहिलं.

पोलिसांनी उचलून नेलेल्या कामगारांचे खटले बाई चालवत होत्या, म्हणून अकरा दिवसांपूर्वी बाईंनाच उचललं. पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी उभे राहिले ते बाईंचे जुने वकील मित्र. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीची झडती झाली आणि तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. "माझं वय झालं गं आता," ते फोनवर म्हणाले, आणि तिला त्यांचा राग आला नाही, कारण तिची स्वतःची पाठ धडधाकट होती आणि तरीही... घरी आई रोज विचारत होती, तुझं नाव कुठं कागदावर नाही ना? नाही गं आई, मी नुसती टाइप करते.

"असं करा," काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "साडेचारला न्यायालयाची अर्ज घ्यायची खिडकी बंद होते. सहीपुढे शेरा मारा — ही आरोपीची सही, नजरचुकीने खाली झाली — आणि त्याखाली तुमची करा. जबाबदारी तुमची म्हटल्यावर खिडकीवरचा घेतो. मी घ्यायला लावतो."

"आणि नाही घेतला तर?"

"तर नाही घेतला. म्हणून आपण काय गप्प बसायचं?"

काका चहा सांगायला गेले. ती बाईंच्या टेबलाशी बसली; खुर्चीत नव्हे, समोर, जिथं आशील बसतात तिथं. कागद तीनदा वाचायचा, बाईंचा दंडक — एकदा आशिलाच्या डोळ्यांनी, एकदा न्यायाधीशाच्या, एकदा समोरच्या वकिलाच्या. सहा वर्षांत तिने बाईंना एक स्वल्पविराम चुकताना पाहिला नव्हता. एकदा तिने तारीख चुकवली तर म्हणाल्या होत्या, "कागद काय तुझा पाहुणा आहे, नुसतं बघून सोडायला?" आणि त्याच बाई वरचं खाली करतील? स्वतःच्या वकीलपत्रावर?

मग तिला आठवलं, की खालची जागा कोरी कोणी ठेवली होती.

वकील आधी सही करतो, मग कागद आत जातो. या कचेरीची रीतच तशी, कारण आतल्या माणसाला दिसलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आहे. आणि काल संध्याकाळी काकांच्या हातात कागद देताना मी म्हणाले होते, बाईंची होऊ दे आधी, माझी काय, नंतर करते. नंतर! बाईंनी जाळीपलीकडे तो कागद तीनदा वाचला असेल. कोरी जागा दिसली असेल. कळायला त्यांना किती वेळ लागतो? आणि मग पेन उचलून त्यांनी ती जागा स्वतःच भरून टाकली... पोरीला उगाच अडचण नको. किंवा तसं काहीच नसेल, शिपाई ओरडला असेल, हात सवयीने गेला असेल. हे आता विचारायचं कोणाला?

रडू येईल असं तिला वाटलं. आला तो राग — सपाटून, कानशिलं तापवणारा, आणि थेट बाईंवर. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी म्हटलं होतं, मला सोडा? घाबरले असेन, आहेच घाबरलेली, आत्ताही. पण म्हणून कोठडीत बसून माझं काय झेपतं, काय नाही, हेही तुम्हीच ठरवणार? घरी एक आई आहे तेवढी पुरे नाही का मला!

काका चहा घेऊन आले, तिचं तोंड बघून पेला ठेवून बाजूला झाले. चारला दहा कमी होते. भीती कुठं गेली नव्हती, ती होती तिथंच होती. पण तिला बाईंशी भांडायचं होतं, जाळी मध्ये न ठेवता, या टेबलावर हात आपटून, आवाज चढवून. आणि त्यासाठी आणखी सहा दिवस थांबायची तिची मुळीच तयारी नव्हती.