साडेपाचची अंघोळ

लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली होती, पण पारोशा अंगाने चहा घ्यायची वेळ कमलिनीबाईंवर कधी आली नव्हती. साडेपाचला अंघोळ, मग देव, मग चहा. गोपीनाथराव कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे तेव्हापासूनचा हा क्रम. ते रिटायर झाले, कारखान्याचं क्वार्टर सोडून त्याच हिंदी गावात, सोनागिरी वस्तीत स्वतःचं घर झालं, तरी तो हलला नाही.

हलल्या त्या कमलिनीबाईच. तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, डावा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता अंघोळ घालायला कांचन यायची, ती नवाला. तोवर बाई पलंगावर बसून राहायच्या आणि समोर गोपीनाथराव बशीतून चहा भुरकायचे.

"अगं, घोटभर घे की."

"पारोशी? तुम्ही भुरका. जरा मोठ्याने भुरका, म्हणजे शेजारच्यांनाही कळेल."

नवाला कांचन येऊन कुंडीला पाणी घालावं तसं पाणी घालायची. "अम्माजी, हाथ ऊपर. अम्माजी, हाथ नीचे." पोरगी मायेची होती, पण पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून बसताना कमलिनीबाईंना रडू यायचं. पाणी तोंडावरून वाहत असल्यामुळे ते कुणाला दिसायचं नाही, एवढंच बरं.

त्यात पुण्याहून उदयचा फोन आला. "आई, रविवारी पहाटे पोचतो. मंगळवारची तिघांची तिकिटं काढलीत. आता इकडेच राहायचं."

"माझं घर आहे ना इथे."

"एकटीला अंघोळ तरी जमते का? मग हट्ट कशाचा?"

बाईंनी फोन गोपीनाथरावांच्या हातात दिला. घर सुटणार ते एका अंघोळीपायी.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलेली वैजयंती आली. इथल्याच अयोध्या नगरात वाढलेली, तिशीची, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गोपीनाथरावांनी तिचं कार्ड दोनदा वाचलं. "ऑक्युपेशन? या वयात हिला कोणता धंदा शिकवणार तुम्ही?"

"उठणं, न्हाणं, स्वतःचा चहा करणं, हाच धंदा काका. तो पुन्हा आपला आपल्याला जमला की माझी छुट्टी." मग ती पलंगाशी बसली. "काकू, सबसे पहले काय जमायला हवं तुम्हाला?"

तीन महिन्यांत डॉक्टरांनी दुखतं का विचारलं, उदयने गोळ्या घेतल्या का विचारलं, शेजारणींनी पडलात कशा ते चवीने विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"साडेपाचला अंघोळ," कमलिनीबाई म्हणाल्या. "कांचनशिवाय."

वैजयंतीने त्यांना खुर्चीतून उठायला लावलं, बसायला लावलं, पुन्हा उठायला लावलं. रबरी पायांचं उंच स्टूल आणायला सांगितलं, बादली चौरंगावर ठेवायला सांगितली, म्हणजे वाकणं नको. "आणि धरायला भिंतीत एक दांडा लागेल. त्याची जागा गुरुवारी येऊन सांगते."

गोपीनाथरावांनी फक्त दांड्यापर्यंत ऐकलं.

संध्याकाळीच कारखान्यातल्या जुन्या दोस्तांची मीटिंग बसली. ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले विनायकराव आलेखाचा कागद घेऊन आले, वेल्डिंग शॉपचे श्रीकांतराव दीड इंची लोखंडी पाइप खांद्यावर टाकून आले. गोपीनाथराव स्वतः क्वालिटीचे, म्हणजे माल तपासणारे. तिघांना कित्येक वर्षांत इतकं काम मिळालं नव्हतं. मंगळवारी ड्रॉइंग, बुधवारी फिटिंग, आणि बुधवारीच संध्याकाळी चाचणी. कमलिनीबाईंनी पलंगावरून मान वळवून पाहिलं, तर बाथरूममध्ये तीन म्हातारे पाय आखडून नव्या पाइपला वटवाघळांसारखे लोंबकळत होते.

"दोनशे अठरा किलो!" श्रीकांतराव ओरडले. "वहिनी, हत्ती न्हाऊ घाला आता!"

"हत्तीलाच न्हाऊ घाला भाऊजी. माझा काही हात पोचेलसं दिसत नाही."

कुणी ऐकलं नाही. गुरुवारी वैजयंतीने बाईंना स्टुलावर बसवलं आणि पाइप धरायला सांगितला. तो विनायकरावांच्या खांद्याच्या उंचीवर होता. बाईंनी हात वर केला, तर शाळेत 'बाई, मला येतं' म्हणणाऱ्या मुलीसारखा तो हवेतच राहिला. उभ्या राहिल्यावर पोचला, पण त्या जाड पाइपवर मूठ मिटेना.

"मजबूत आहे काका," वैजयंती म्हणाली. "काकूंचं वजन किती?"

"बेचाळीस."

"दोनशे अठराची टेस्ट केलीत. बेचाळीसची राहिली."

गोपीनाथरावांचा चेहरा पडला. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा माल परत पाठवला होता. त्यांचा परत आलेला बाईंनी प्रथमच पाहिला. अर्धा मिनिट त्यांना दया आली. मग खूप हसू आलं.

वैजयंतीने वाटीत हळद कालवायला सांगितली. बाथरूम कोरडंठाक पुसलं, तिघांना बाहेर काढलं आणि ती हळद बाईंच्या दोन्ही तळहातांना फासली.

"लग्नात लावली नव्हती गं एवढी!"

"आता विचार न करता उठा काकू. हात जिथे जाईल तिथे जाऊ द्या. मी आहे ना."

बाई सात वेळा उठल्या, सात वेळा बसल्या. सुरुवातीचे ठसे इकडे-तिकडे होते. नंतरचे एकावर एक पडत गेले, दाराजवळच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, जरा तिरपे. पाइपच्या भिंतीवर एकही नव्हता.

विनायकराव गुडघे टेकून टेपने ठसे मोजू लागले. गोपीनाथराव बघतच राहिले. "पण या भिंतीकडे का?"

"डावा पाय दुखतो ना. उजव्या अंगाने उठते मी."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"विचारलं होतं?"

शुक्रवारी मुठीत मावेल असा बारीक पाइप तिथे तिरपा बसला. वजन लावून तपासायला या वेळी फक्त कमलिनीबाईंना बोलावलं. शनिवारी वैजयंतीच्या देखत खरी अंघोळ झाली. तिने बोटसुद्धा लावलं नाही. जाताना दोनच अटी घातल्या. कडी लावायची नाही, आणि घरात कुणीतरी जागं हवं.

रविवारी साडेपाचला कमलिनीबाई आत गेल्या. बाहेर गोपीनाथराव पहाऱ्यावर.

"ठीक आहे ना?"

"अजून साडीच सोडतेय."

"आता?"

"आता बसतेय."

फाटक वाजलं, बॅग आपटली. उदयचा आवाज आला. "बाबा, आई कुठाय?"

"आत."

"एकटी? आई! ठीक आहेस ना?"

"आणखी एकदा कुणी विचारलं तर कडी लावून घेईन!"

बाहेरची पावलं दारापासून मागे सरकली. कमलिनीबाईंनी पहिला मग डोक्यावर ओतला. पाणी कानामागून, मानेवरून, त्यांना हवं तसं उतरलं. मग त्यांनी दांडा धरून उठायला घेतलं. पहिल्यांदा अर्ध्यापर्यंतच जमलं. त्या पुन्हा बसल्या, दम घेतला, पाय मागे ओढला आणि उठल्या. उभ्या राहिल्या. कुणी पाहिलं नाही. न पाहिलेलंच बरं, असं त्यांना वाटलं.

दारापलीकडून उदय हळू आवाजात म्हणत होता, "बाबा, मग त्या तिकिटांचं काय?"

"मला काय विचारतोस?" गोपीनाथराव म्हणाले. "ती बाहेर आली की तिला विचार."

कमलिनीबाई परत स्टुलावर टेकल्या. बादलीत अजून अर्धं पाणी होतं. त्यांनी सावकाश मग भरला.