पहिला मालक

ऑयगेन श्टाइमलेनं बूट काढून शोरूमच्या चकचकीत फरशीवर जोडीनं ठेवले आणि नुसत्या मोज्यांनिशी तो नव्या गाडीत शिरला. गायझर नावाच्या विक्रेत्याला आता याचं काही वाटेनासं झालं होतं. गेले तीन मंगळवार हा सहासष्ट वर्षांचा निवृत्त लेथ कारागीर येत होता, बूट काढून नव्या गाडीत बसत होता, मग बाहेर येऊन, बूट घालून, शेजारच्या जुन्या गाडीत बसत होता.

जुनी म्हणजे अकरा महिन्यांची. दोन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच राखाडी रंगाच्या, दोनच माणसांना पुरतील अशा, आणि जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या. फरक किमतीत होता. शिवाय नव्या गाडीतून उतरायला ऑयगेनच्या जे जिवावर यायचं, ते जुनीतून उतरताना येत नसे.

"तुम्हीच सांगा," गायझर म्हणाला, "अकरा महिने वापरलेली घेण्यात तोटा काय?"

तोटा काहीच नव्हता. हे ऑयगेनला गायझरपेक्षा जास्त ठाऊक होतं. आल्बच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेलं त्याचं अर्धं गाव त्या कारखान्यात कामाला. कामगारांना सवलतीत कोरी गाडी मिळायची, ती ते वर्षभर काचेच्या भांड्यासारखी जपायचे आणि पुढच्या वसंतात गावातच विकायचे. तिला सगळे 'वर्षवाली' म्हणत. वर्षवाली घेणारा शहाणा समजला जाई. शोरूममधून कोरी आणणाऱ्याला एक तर पैसा जास्त झालेला असे, नाहीतर त्याची सासुरवाडी श्टुटगार्टची असे. ऑयगेननं आजवर सात गाड्या घेतल्या, सातही वर्षवाल्या, आणि दर खेपेला फाटकाशी उभं राहून त्याचे फायदे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगितले. या विषयात गल्लीत त्याचा शब्द शेवटचा होता.

"हिच्यात कोणी बसलंय?" त्यानं नव्या गाडीतूनच विचारलं.

"कोण बसणार?"

"तुम्ही?"

"ट्रकवरून उतरवताना बसलो होतो. पण सीटवर प्लास्टिक होतं, पायाखाली कागद होता."

"मग ते धरायचं नाही."

"नका धरू."

ऑयगेन चार भावांतला धाकटा. त्यांच्या घरी शनिवारी आंघोळीचा टब एकदाच भरत. आधी कुर्ट, मग हेर्मान, मग आल्ब्रेश्ट, आणि ऑयगेनची पाळी येईपर्यंत पाणी कोमट आणि करडं झालेलं असे. बूट, दप्तर, सायकल, सगळं तीन जणांकडून उतरून त्याच्याकडे आलं. चर्चमधल्या दीक्षेला घातलेल्या काळ्या सुटाच्या खिशात त्याला आल्ब्रेश्टची अर्धी चघळलेली पेपरमिंटची गोळी सापडली होती. तेव्हा त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली होती. आता, बावन्न वर्षांनी, त्याला तिचा राग आला.

"हीच घेतो," तो म्हणाला.

गायझर जुन्या गाडीची फाईल उघडायला लागला. "छान केलंत. अकरा महिन्यांची म्हणजे कसं—"

"ती नव्हे. ही. आणि जरा हळू बोला."

अकरा दिवसांनी, एका शनिवारी, गाडी ताब्यात आली. गावाची पाटी दिसेपर्यंत ऑयगेन राजासारखा बसला होता. पाटी दिसली आणि त्याचा धीर सुटला. त्यानं गाडी शेताच्या कडेला थांबवली, ओलसर मातीचा एक बोटभर गोळा घेतला आणि मागच्या नंबरपाटीवरच्या गोल चिकटपट्टीवर फासला. गाडीची पुढची सरकारी तपासणी कधी, ते त्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं. कोऱ्या गाडीला तीन वर्षं सूट असते, वर्षवालीला दोनच उरलेली असतात, आणि त्याच्या गल्लीतले लोक माणसाच्या तोंडाआधी चिकटपट्टी वाचतात.

समोरचा बिट्झर आपल्या दारापुढचा पदपथ झाडत होता. एकतीस वर्षांचा शेजार, पण दोघं अजून अहो-जाहोवरच होते. बिट्झर चाळीस वर्षं त्याच कारखान्यात होता. गाडी बघून त्याचा झाडू हवेतच थांबला.

"अहो श्टाइमले, हे काय आणलंत?"

याच क्षणी वरच्या मजल्याची खिडकी उघडली आणि हेडविगनं, ऑयगेनच्या बायकोनं, डोकं बाहेर काढलं. हेडविग संपलेली टूथपेस्टची नळी कात्रीनं कापून आणखी चार दिवस चालवणारी बाई. ऑयगेननं वर बघितलं, समोर बघितलं.

"वर्षवाली आहे," तो म्हणाला. "फुकटात मिळाल्यासारखीच."

बिट्झरचा चेहरा उजळला. "मग ठीक आहे! माझ्या मनात भलतंच आलं. कोणाची?"

"लाइबफ्रीड म्हणून आहेत एक," तोंडाला येईल ते नाव ऑयगेननं सांगितलं. "ब्योब्लिंगनचे. इंजिनिअर."

"कुठल्या विभागात?"

"ते... त्याबद्दल बोलत नाहीत."

"कळलं," बिट्झरनं आदरानं मान हलवली. "चाचणी विभाग. मग एवढी चांगली गाडी विकली कशाला?"

"पाठ धरली. इतकं खाली बसवत नाही आता."

"अगं बाई!" खिडकीतून हेडविग म्हणाली. "चोळून द्यायला बायको आहे ना घरात?"

"वारली," ऑयगेन म्हणाला.

एका मिनिटात त्यानं एका माणसाला नोकरी दिली होती, त्याची पाठ मोडली होती आणि बायको मारली होती. तो घाम पुसत गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला. निभावलं, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात बिट्झरनं गाडीची रीतसर पाहणी केली. गुडघे टेकून खाली बघितलं, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून तपासलं.

"काय माणूस असेल हो," तो म्हणाला. "एक ओरखडा नाही. सीटला सुरकुती नाही. अशा माणसाच्या हातून गाडी मिळणं म्हणजे नशीब आहे, श्टाइमले. तुम्ही फक्त आहे तशी ठेवा म्हणजे झालं."

"प्रयत्न करीन," ऑयगेन म्हणाला.

हे तिथंच थांबलं नाही. गल्लीत तिचं नावच 'लाइबफ्रीडची गाडी' पडलं. बेकरीवाली विचारायची, लाइबफ्रीडची गाडी चालते ना नीट? पाद्रीबुवांनी चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून लाइबफ्रीडच्या पाठीची चौकशी केली आणि त्यांच्या बायकोसाठी प्रार्थना करू म्हणाले. हेडविग तर दिवसातून दोनदा त्याचं नाव काढायला लागली. ऑयगेननं गॅरेजचं दार जोरात ओढलं की म्हणायची, "लाइबफ्रीडसाहेबांनी असं आपटलं नसतं." स्वतः मात्र ती गाडीत बसली नव्हती. गुडघे दुखतात, म्हणायची, बसेन कधीतरी.

जन्मात एकदा ऑयगेनला एखाद्या वस्तूचा पहिला माणूस व्हायचं होतं. त्यासाठी त्यानं घसघशीत पैसा मोजला आणि मग आपल्याच तोंडानं स्वतःला दुसरा करून ठेवलं. आता तो संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडीत बसून राही आणि जगात नसलेल्या एका माणसावर जळत राही. लाइबफ्रीड त्याला दिसायलाही लागला होता. उंच, सडपातळ, चांगल्या कापडाचा कोट. आणि चेहरा, का कोण जाणे, आल्ब्रेश्टचा.

एकदा त्याला राहवलं नाही.

"तुम्ही उगीच डोक्यावर घेताय त्याला," तो बिट्झरला म्हणाला. "ब्रेक फार जोरात दाबायचा तो. मला जाणवतं ना."

बिट्झर झाडू टेकून सरळ उभा राहिला. "त्या बिचाऱ्याची पाठ गेली, बायको गेली, हौसेची गाडीही गेली. आणि तुम्ही त्याच्या ब्रेकवर बोलताय? मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, श्टाइमले."

ऑयगेनला बिट्झरची माफी मागावी लागली. लाइबफ्रीडबद्दल वाईट बोलल्याची माफी.

तिसऱ्या शनिवारी तो गाडी धूत होता. छत, काचा, चाकं, सगळं झालं. फक्त मागच्या पाटीवरची नखाएवढी माती त्यानं नेहमीप्रमाणे वळसा घालून सोडली. तेवढ्यात हेडविग बाहेर आली. हातात फडक्यात गुंडाळलेला वेणीसारखा गुंफलेला गोड पाव, सकाळीच भाजलेला, आणि एक पाकीट.

"हे लाइबफ्रीडसाहेबांना देऊन ये. एकटा माणूस, खात काय असेल देव जाणे."

"आत्ता? ते... घरी नसतील."

"पाठ धरलेला माणूस जाणार कुठे?" तिनं पाव गाडीच्या छतावर ठेवला आणि तिची नजर मागे गेली. "अरे, एवढा डाग राहिला बघ." तिनं कमरेला खोचलेलं फडकं काढलं.

"राहू दे!" ऑयगेन एवढ्या जोरात ओरडला की समोर बिट्झरनं मान वर केली.

हेडविगनं त्याच्याकडे बघितलं. मग डागाकडे बघितलं. मग शांतपणे, भांड्याचा करपा काढावा तशी नखानं माती खरवडली, खालची चिकटपट्टी वाचली, आणि हात झटकून म्हणाली,

"पाव गरम आहे तोवर पोचव."

ऑयगेन निघाला. ब्योब्लिंगनच्या दिशेनं वीस मिनिटं गाडी चालवली, आणि मग जायचं कुठे तेच नसल्यामुळे चढावरच्या एका सफरचंदाच्या झाडाखाली थांबला. तिनं वाचली, पण बोलली नाही. म्हणजे कळलं नसेल. किंवा कळलं आणि घरी गेल्यावर बोलेल. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि पहिल्यांदा बोलला तो गाडीपायी. त्याला स्वतःची लाज वाटली आणि सपाटून भूकही लागली.

शेजारच्या सीटवरचा पाव त्यानं सोडला आणि एक तुकडा तोडला. आत बेदाणे होते. बेदाणे त्याला लहानपणापासून आवडत नसत. तो एकेक काढून खिडकीच्या कडेवर ठेवत राहिला आणि मग त्यानं पाकीट हातात घेतलं. त्यावर लाइबफ्रीडचं नाव नव्हतं. हेडविगच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'गाडीच्या पहिल्या मालकांस'.

दुसऱ्याचं पत्र उघडावं का, असा एक क्षण त्याला खरोखरच प्रश्न पडला. मग त्यानं उघडलं.

'सप्रेम नमस्कार.

तुमची गाडी फार देखणी आहे. मी अजून तिच्यात बसलेली नाही. गुडघ्यांचं काही खरं नाही, ते ठणठणीत आहेत. तू लाइबफ्रीडचं सांगितलेलं मला पहिल्याच दिवशी खोटं वाटलं, कारण स्वस्तात गाडी मिळाल्यावर तू आठवडाभर किंमत सांगत फिरतोस, आणि या वेळी एकदाही सांगितली नाहीस. म्हटलं, बसतेस का, असं पहिल्या मालकानं आपण होऊन विचारावं. वाट बघून कंटाळले.

शेजारच्या सीटवर अजून कोणी बसलेलं नसेल तर ती माझ्यासाठी ठेव. मी पण पाच बहिणींतली चौथी आहे.

बेदाणे टाकू नकोस, पक्ष्यांना घाल.

हेडविग'

ऑयगेननं पत्र दोनदा वाचलं. मग त्याचं लक्ष शेजारच्या सीटवर गेलं, आणि त्यानं घाईघाईनं पाव तिथून उचलला. सीटवर पडलेले तुकडे त्यानं तळहातानं एकेक टिपले, बेदाणे झाडाखाली ठेवले, पाव मांडीवर घेतला आणि तसाच, स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये पाव सांभाळत, घरापर्यंत आला.

बिट्झर अजून झाडतच होता.

"भेटले का लाइबफ्रीड?"

"भेटले."

"पाठ कशी आहे?"

"बरी झाली. गाडी परत मागत होते. देऊन टाकली."

बिट्झरनं समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. पुढून बघितलं, मग हळूहळू चालत मागे गेला. तिथं वाकून त्यानं नंबरपाटीवरची चिकटपट्टी दोनदा वाचली. परत आला तेव्हा त्याचा आवाज दवाखान्यात बोलतात तसा उतरलेला होता.

"कोरी?"

"कोरी."

"शोरूममधून?"

"शोरूममधून."

बिट्झरनं गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली आणि खिडकीपर्यंत खाली वाकला. "सूट तरी किती दिली त्यांनी?"

"मी मागितलीच नाही," ऑयगेन म्हणाला, आणि त्यानं हेडविगसाठी हॉर्न वाजवला.