दाराशेजारची खुंटी

मिस्त्रींनी ओळंब्याची लाकडी पट्टी डाव्या हाताने भिंतीला टेकवली आणि दोरी खाली सोडली. अर्ध्या किलोचा पितळी गोळा दोन हेलकावे खाऊन थांबला. भिंतीपासून चार मिलिमीटर लांब. तीन चालतात, चार नाही.

"नापास," ते म्हणाले.

इंजिनिअर बाईंनी हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "काका, लेझर तर भिंत फरशीशी काटकोनात दाखवतंय."

"लेझर कालचं पोर आहे. हा ओळंबा चाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे, अजून खोटं बोलायला शिकला नाही."

या कारखान्यात अख्ख्या खोल्या तयार होत. फरशी, नळ, दिवे, रंग, सगळं लागलं की खोली चाकांच्या गाड्यावरून सरकत सरकत शेवटी मिस्त्रींपुढे यायची. त्यांची सही झाली की ट्रकवर चढायची. तिकडे क्रेनने खोल्या एकावर एक ठेवल्या की पंधरा दिवसांत इमारत उभी. शहरात घरं थोडी आणि यादीतली नावं उदंड. वर्षानुवर्षं माणसं डोळे लावून बसलेली. सुरुवातीला मिस्त्रींनी या 'खोक्यांना' पोटभर नावं ठेवली होती. आता कोणी खोकं म्हटलं तर तेच अंगावर जात. "माझी सही असलेल्या खोलीला म्हातारपण येईल, तडा येणार नाही," असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ते खरंही होतं.

बाईंनी आवाज खाली आणला. "काका, ही तुमच्या लेकीच्या घराची खोली आहे. तिसऱ्यांदा परत चाललीय."

"म्हणून काय डोळे मिटू? लेकीला वाकडी भिंत देऊ?"

पहिल्या वेळी एक फरशी पोकळ वाजली होती; ते बरोबरच होतं. दुसऱ्या वेळी दार जरासं घासत होतं. रंधा मारला असता तर दहा मिनिटांचं काम, पण मिस्त्रींनी खोली मागे पाठवली आणि त्यात आठवडा गेला.

लेक, जावई आणि दोन नाती सात वर्षं त्यांच्या एका खोलीत राहत होती. मिस्त्रींची बायको गेली त्या महिन्यात 'चार दिवसांसाठी' आली होती. घराचा नंबर लागल्यापासून लेकीने दोनदा सामान बांधलं आणि दोनदा सोडलं. आज सकाळी तिसऱ्यांदा गाठ मारताना ती म्हणाली होती, "बाबा, या खेपेला तारीख चुकली तर घर यादीतल्या पुढच्या नावाला जाईल."

मिस्त्रींनी दाराजवळच्या खिळ्यावरून ओळंबा काढला होता आणि ते कामावर निघाले होते.

बाईंनी पिशवीतून पाणसळ काढून ती खोलीच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा एका बाजूला सरकला आणि तिथेच बसला. मग बाई खाली उतरल्या, गाड्याखाली वाकल्या आणि त्यांनी मागच्या चाकाकडे बोट केलं.

मिस्त्रीही वाकले. मागच्या चाकाखाली लाकडाची ढलपी अडकली होती. खोली सरळच होती, गाडा तिरका होता.

"भिंत नंतर. आधी ती कशावर उभी आहे ते बघ." कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाकडून मिस्त्री हे वाक्य तीनदा म्हणवून घेत. बाईंनीही पहिल्या दिवशी म्हटलं होतं. आता त्या म्हणाल्या नाहीत, हे त्यांना जास्त लागलं.

ते खोलीच्या उंबऱ्यावर बसले. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, आणि ती आजच का झाली हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांना ही खोली पास करायचीच नव्हती. नातींचं भांडण नाही, लेकीची कटकट नाही, अशा घरात परत जायची त्यांना भीती वाटत होती. गावभरच्या भिंती ओळंब्यात आणणारा माणूस स्वतःच कलला होता.

"चूक माझी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्यांनी पहारीने गाडा उचलून ढलपी काढली आणि पुन्हा ओळंबा सोडला. गोळा भिंतीला हलकेच टेकून राहिला.

"आणा तो कागद." त्यांनी ठसठशीत सही केली.

"मागचं पान राहिलं, काका. घरच्यांनी मागितलेल्या तीन गोष्टी लागल्यात का, तेवढं बघायचंय."

आधी दोन्ही वेळा खोली पुढच्या पानावरच अडली होती. मिस्त्रींनी कागद उलटला. अक्षर लेकीचं. मुलींचा हात पोचेल असं फडताळ: होतं. खिडकीखाली अभ्यासाची फळी: होती. तिसरं त्यांनी दोनदा वाचलं. 'दाराशेजारी भक्कम खुंटी, आत येताना डाव्या हाताला. रोज अर्ध्या किलोचं वजन टांगलं जाईल.'

घरात डावखुरं दुसरं कोणी नव्हतं.

ते बाहेर आले आणि कामावरून परतल्यासारखे पुन्हा आत शिरले. डावा हात न बघताच वर गेला. खुंटी नेमकी तिथेच होती. त्यांनी ओळंबा टांगला, खुंटी हलते का ते दोनदा ओढून पाहिलं आणि तिसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

खोली ट्रकवर चढली. दार लावताना ड्रायव्हर आत डोकावला.

"मिस्त्री, तुमचा ओळंबा आत राहिलाय."

"असू दे."

"अहो, पण पुढच्या खोल्या कशाने बघणार?"

"आज बाईंच्या लेझरने बघू. त्यालाही जरा अनुभव येऊ दे."

"रस्ताभर हेलकावे खाईल तो."

"खाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "घरी पोचला की थांबेल."