तांब्यातली फुलं

विष्णुपंत गुरुजी पत्र वाचता वाचता थांबले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे टिपायला लागले. समोर ओटीवर बसलेली गोजरबाई पुढे सरकली.

“काय झालं माज्या पोराला?”

“त्याला काही नाही झालं. त्याच्या तांब्याला झालंय.” गुरुजींना हसू आवरेना.

महिपती शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, लीड्स नावाच्या गावी, कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला गेला तेव्हा गोजरबाईने त्याच्या ट्रंकेत घरच्या पितळी तांब्यांच्या जोडीतला एक घातला होता. पिण्याचा नव्हे, सकाळी बांधाकडे न्यायचा. तिकडे त्या कामाला कागद वापरतात हे ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तर महिपती जिच्याकडे भाड्याने राहत होता तिने तो तांब्या संडासातून उचलला, घासून लख्ख केला, त्यात जांभळी फुलं खोचली आणि जेवायच्या टेबलावर मधोमध मांडला.

“‘ती बया शेजारणींना बोलावून दाखवते,’” गुरुजी वाचू लागले, “‘हिंदुस्थानातली कलाकुसर म्हणून. मी समोर बसून आजाऱ्याच्या पथ्यासारखे उकडलेले बटाटे गिळतो आणि तांब्याकडे बघत नाही. आंघोळ आठवड्यातून एकदा. तीसुद्धा म्हशीसारखी डबक्यात बसून, स्वतःचाच मळ स्वतःच्या अंगाला परत लावत.’”

गोजरबाईने कपाळावर हात मारला.

“नि ह्यांनी म्हनं आपल्यावर राज केलं. धड धुवायची अक्कल नाय मेल्यांना.”

पण घरी जाताना ती हलकी होऊन चालली. पोरगा इतका विटलाय म्हणजे दोन वर्षं भरली की पहिल्या बोटीने येणार. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात साहेबाने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. नवरा गेल्यापासून भाजी विकून शिकवलेलं एकुलतं एक पोर. तिला दुसरं काय हवं होतं?

भाजीची पाटी घेऊन ती उल्हासनगरला, कॅम्प चारला जायची. तिथे बराकीबराकीतून तिने विलायतेच्या अब्रूची पार लक्तरं केली. महिपतीचं दर महिन्याचं निळं पत्र म्हणजे नवा माल. तिकडे म्हणे माणसं नाक पुसून तोच रुमाल घडी घालून परत खिशात ठेवतात. मेथीच्या जुडीबरोबर ही बातमी फुकट. सिंधी बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

ईश्वरीबाई तेवढी हसली नाही. फाळणीनंतर हैदराबाद-सिंधहून आलेली ही बाई बराकीच्या दारात पापड लाटत बसायची. गोजरबाईचं बोलणं संपल्यावर तिने लाटणं थांबवलं आणि सांगितलं, की आम्ही आलो तेव्हा आम्हीही हेच करायचो. इथलं पाणी खारट, तांदूळ जाडा, बायका काळ्या, बोली दगडासारखी.

“दो बरस गाली दिली मी. तुझ्या भाजीला पण दिली,” ती म्हणाली. “मग एक दिन पाणी प्याली, तर मीठा लागला. उस दिन मी बहुत रोई, गोजरबाई.”

“गोड लागलं तं रडायचं कशाला?”

“मी समझ गई ना. अब वापस नहीं जाना.”

गोजरबाईने पाटी डोक्यावर घेतली. त्या दिवशी निम्मी वांगी तशीच घरी परत आली.

तेव्हापासून ती पत्रातल्या शिव्या बोटांवर मोजू लागली. दिवाळीच्या पत्रात सात होत्या. संक्रांतीच्या पत्रात तीन. होळीच्या पत्रात एकच, तीही थंडीला. आणि थंडीला काय, कोणीही शिव्या देतं.

चैत्रात पत्र आलं तेव्हा गुरुजी आधी मनातल्या मनात वाचत बसले. मग खाकरून मोठ्याने वाचलं. अभ्यास ठीक. प्रकृती ठीक. “‘हा देश अत्यंत गलिच्छ असून येथील लोक सर्वस्वी असंस्कृत आहेत.’”

गोजरबाईने मोजायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं.

“गुरुजी, ही शिवी तुमची हाय. माजा पोरगा बेस शिव्या देतो. असं पुस्तकावानी नाय बोलत तो.”

गुरुजींनी मान खाली घातली.

“काय लिवलंय ते वाचा.”

त्यांनी हळू आवाजात वाचलं. “‘बाईंनी यंदा तांब्यात पिवळी फुलं लावली आहेत. आता तो माझ्या खिडकीत असतो. सकाळी ऊन आलं की छान दिसतो.’”

“मंग?”

“‘इथेच आणखी शिकायची संधी मिळते आहे. बघू.’ एवढंच आहे.”

ती बया आता ‘बाई’ झाली होती. गोजरबाई लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करत बसली. उत्तरात काय लिहू, असं गुरुजींनी विचारलं.

“लिवा, तांब्याला चिंच लाव म्हनावं,” ती म्हणाली. “नायतं पितळ काळं पडतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती उठली. परसात पालथा घातलेला जोडीतला दुसरा तांब्या तिने सरळ केला. कुंपणाच्या तगरीची दोन फुलं तोडून त्यात खोचली, दगडावर ठेवला, आणि चार पावलं मागे सरून, मान वाकडी करून बघितलं.

दिसत तर बरं होतं.

मग तिने फुलं काढून तगरीच्या बुडाशी ठेवली, तांब्या भरून घेतला आणि बांधाकडे निघाली.